तिसऱ्या मजल्यावरून ओतलेलं पाणी

मजला तिसराच होता ना, याची आता खात्री देववत नाही. घंगाळ पितळेचं होतं, एवढं नक्की. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता आणि काळाचौकीच्या आमच्या चाळीत रॉकेल संपलं होतं. शेजारच्या मालवणी वहिनी खालच्या नळावरून पाणी वर आणून दमल्या होत्या. मी बीएस्सीला होतो. म्हटलं, "वहिनी, तुमचे कष्ट वाया गेले नाहीत, ते या पाण्यात साठलेत. पाणी खाली पडलं की त्यांची उष्णता होईल."

"म्हणजे वरून ओतला तर तापतला?"

"तत्त्वतः... हो."

"मग खाली उभे ऱ्हवा. सासूक आंघोळीक ऊन पाणी होया."

घंगाळ घेऊन मी अंगणात उभा राहिलो. बादली आली ती अर्धी माझ्या अंगावर.

"तापला काय ओ भावजी?"

सगळी चाळ कठड्याला. लाजून ओरडलो, "थोडंसं!"

वहिनींनी खाली येऊन घंगाळात हात घातला. "भावजी, शिकल्यासवरल्या माणसान खोटा बोलूचा?"

ते फार लागलं. पुढे प्राध्यापक झाल्यावर गणित मांडून पाहिलं: तेवढ्या उंचीवरून पडलेलं पाणी अंशाच्या जेमतेम चाळिसाव्या भागाइतकं तापतं. म्हणजे मी खरंच बोललो होतो. फक्त बोलताना ते मलाही ठाऊक नव्हतं.