डुगडुग म्हणजे काय

सौसरच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहून अमिता पुरती कंटाळली होती. तेवढ्यात बोरगावचं एक म्हातारं जोडपं शेजारी येऊन टेकलं, आणि तिचे कान आपोआप तिकडे वळले.

"डॉक्टरीणबाई भोपाळची आहे, शकुंतला. तिले डुगडुग समजत नाई."

"म्हणून मागच्या खेपेले तुम्ही चक्कर सांगतली. तिनं रक्तच काढलं!"

"मंग काय सांगू? डोस्कं जाग्यावर आहे. पायच डुगडुगून राहिले."

"बाजेचा एक पाय ढिला झाला का कशी होते, तसं सांगा."

"थे भोपाळची बाई बाजेवर कायले झोपली असन?"

"मंग नातवाचा दात सांगा. पडतही नाई, धड बसतही नाई."

"माये पाय का दुधाचे आहेत?"

"दुधाचे असते तं नवे आले असते, बाप्पा!"

दोघंही खो खो हसली. अमितानं ओढणी तोंडावर धरली.

"काठी आणली असती तं बाईले पाहूनच समजलं असतं."

"काठी म्हाताऱ्याले लागते."

आतून पुकारा झाला, "गुलाबराव!"

"उठा. धरा माया हात."

"अवं, लोक पाहून राहिले."

"लोक नाई डुगडुगून राहिले, तुम्ही डुगडुगून राहिले. धरा."

दोघं हात धरून आत गेली. दार उघडंच राहिलं.

"बाबा, चलने में क्या होता है?"

"अभी तो कुछ नहीं होता, बाई."

"अजी, हात सोडा न् मंग सांगा!"

"राहू दे न वं. लोक पाहून राहिले तं पाहू दे."