बोलेल तो पास

जबाब देणार: स्त्री, वय ४०, धंदा नोकरभरती एजन्सी, राहणार याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. नाव, पत्ता आणि खाली उल्लेख येणाऱ्या सर्वांची नावे साहेबांच्या सूचनेवरून वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात बंद केली आहेत. या जबाबात माणसे त्यांच्या कामावरून किंवा नात्यावरून ओळखावीत.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आहे आणि विचारल्यावरून सांगते की, मी पती, दहा वर्षांची मुलगी व सासूबाई यांच्यासोबत राहते. माझी एजन्सी दातांच्या दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांत आहे. खालून मशीनचा आवाज येत असतो, त्यामुळे माझ्याकडे मुलाखतीला येणारा माणूस जिन्यातच अर्धा घाबरलेला असतो.

माझा धंदा जरा वेगळा आहे, म्हणून समजावून सांगते. सरकारच्या गुप्त कामांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे इंजिनिअर लागतात. असे काम कोणाच्याही हाती देत नाहीत. माणसाची सात पिढ्यांपर्यंत चौकशी होते, शेजाऱ्यांना विचारतात, बँकेत बघतात, आणि मग सरकार त्याला परवानगी देते. आमच्या धंद्यात तिला क्लिअरन्स म्हणतात. ती मिळायला वर्ष-दीड वर्ष जाते. तेवढे थांबायला कंपन्यांना वेळ नसतो, म्हणून ज्यांच्याकडे ती आधीपासून आहे अशांना शोधून देणे हे माझे काम. हे स्थळे जमवण्यासारखेच आहे, फक्त इथे मुलगा काय करतो हे सांगायला मनाई आणि मुलीकडचे काय करतात हे विचारायला मनाई. उमेदवाराच्या माहितीपत्रात लिहिलेले असते, ‘एका संस्थेसाठी एक मोठी प्रणाली तयार केली.’ संस्था कोणती, प्रणाली कसली, ताकास तूर लागू देत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी स्वभावाने भोचक आहे. हवालदारसाहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले आहे.

माझे पती असेच क्लिअरन्सवाले इंजिनिअर आहेत. लग्नाला बारा वर्षे झाली. ते नेमके काय काम करतात हे मला माहीत नाही. सासूबाई शेजारपाजारी सांगतात की आमचा मुलगा प्रिंटर दुरुस्त करतो, आणि शेजारच्या काकांनी एकदा खरोखरच प्रिंटर आणून दिला होता. मी रोज विचारते, “आज काय केलंस?” ते म्हणतात, “बसलो होतो.” मी विचारते, “बसून काय केलंस?” ते म्हणतात, “मग उठलो.” यावर आम्ही बारा वर्षे हसतो आहोत. पण मला खरोखरच जाणून घ्यायचे असते, हे त्यांनाही माहीत आहे. सहा महिन्यांपूर्वी त्यांचे ऑफिस दुसऱ्या शहरात हलणार असे ठरले. तिकडे गेले असते तर महिन्यातून दोनदाच घरी येता आले असते. मुलगी तेव्हापासून नीट जेवत नाही. म्हणून ते इथेच नवीन नोकरी शोधत होते.

साधारण दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. बोलणे इतके मऊ की मी मनातल्या मनात त्यांचे नाव मऊसाहेब ठेवले. त्यांच्या कंपनीला सरकारी कंत्राट मिळाले आहे आणि क्लिअरन्सवाले आठ इंजिनिअर तातडीने हवेत, असे ते म्हणाले. कागद व्यवस्थित होते. शिक्के होते. ते सर्व कागद मी जमा केले आहेत.

मुलाखती त्यांच्या ऑफिसात झाल्या. पहिल्या फेरीला मी बाजूला बसत असे. ऑफिस कोरे करकरीत होते. खुर्च्यांवरचे प्लास्टिक निघालेले नव्हते. मी सवयीप्रमाणे कपाट उघडून पाहिले, ते रिकामे होते. गुप्त काम चालते अशा ठिकाणी फोन बाहेर कप्प्यात कुलूपबंद ठेवावा लागतो, हा नियम मोडला तर साहेब असो की शिपाई, नोकरी जाते. इथे दाराशी कप्पे होते, पण त्यांच्या किल्ल्या अजून एकाच दोऱ्यात बांधलेल्या होत्या. मऊसाहेब सगळ्यांना म्हणत, “राहू द्या हो फोन, आपण सगळे घरचेच.” मला वाटले, नवीन आहेत, शिकतील.

मऊसाहेबांच्या शेजारी एक बाई लॅपटॉप घेऊन बसत. त्या कधी बोलल्या नाहीत. उमेदवाराला तांत्रिक प्रश्न चालू असले की त्यांचे हात मांडीवर असत. उमेदवार मागच्या नोकरीबद्दल काही बोलला की त्यांची बोटे धावायला लागत. हे मी पाहिले होते. पाहिले आणि सोडून दिले, याचे मला आज वाईट वाटते.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. माझे एक जुने ग्राहक आहेत, सैन्यातून निवृत्त झालेले, त्यांना मी मेजर म्हणते. ते उमेदवाराला चहा देतात, पाठीवर हात ठेवतात आणि फार मायेने विचारतात, “काय मग, मागच्या ठिकाणी काय काय केलंत?” ज्याने सांगायला सुरुवात केली त्याचा चहा संपेपर्यंत ते ऐकतात आणि मग दार दाखवतात. “माफ करा, सांगता येणार नाही” म्हणणाराच पुढच्या फेरीत जातो. या लाइनमधला प्रत्येक चांगला ग्राहक या ना त्या प्रकारे हेच करतो. म्हणजे आमच्याकडे तोंडात मिठाची गुळणी धरणारा पास.

मऊसाहेबांकडे उलटे झाले. माझ्याकडे एक अनुभवी इंजिनिअर बाई आहेत, केस पांढरे, हुशार, आणि तोंडाला असे कुलूप की त्यांनी मला त्यांच्या मुलाचे नावसुद्धा दोन वर्षांनी सांगितले. त्यांनी परीक्षेचा पेपर सगळ्यात लवकर सोडवला. मागच्या कामाबद्दल विचारल्यावर चार वेळा “सांगता येणार नाही” म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना नापास केले. कारण कळवले, ‘संवादकौशल्य कमी.’ त्यांच्यानंतर आलेला एक तरुण पेपरात अडखळला, पण गप्पिष्ट होता. त्याला तीनदा बोलावले. मग मऊसाहेबांनी मला निरोप दिला की उमेदवारांना सांगा, जरा मोकळेपणाने बोला, आमची माणसेही क्लिअरन्सवालीच आहेत. तो निरोप मी सगळ्यांना पोहोचवला. जगाचा न्यायच आहे, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, असे मी त्या इंजिनिअर बाईंना फोनवर म्हणाले. त्या म्हणाल्या, “ताई, माझं सोनं मला विकायचंच नाहीये.” तेव्हा मला तो ताठा वाटला.

माझ्या पतींची मुलाखत त्यानंतर झाली. नात्याचे मी मऊसाहेबांना आधीच सांगितले होते आणि त्या दिवशी खोलीबाहेर थांबले. पतींना दुसऱ्या फेरीला बोलावले. दुसऱ्या फेरीहून ते घरी आले ते शीळ घालत. मी त्यांना इतके आनंदात मुलगी झाली तेव्हा पाहिले होते, त्यानंतर नाही. मी विचारले, “एवढं काय झालं?” ते म्हणाले, “अगं, त्या माणसाला कळतं. मी एक वाक्य बोललो की तो पुढचं विचारतो. किती वर्षांनी कोणाला तरी माझं काम कळलं.” मी म्हणाले, “काय कळलं?” ते म्हणाले, “ते जाऊ दे.”

मला हेवा वाटला, हे खरे सांगते. मी बारा वर्षे विचारते आहे आणि मला ‘बसलो होतो’. त्या मऊ माणसाने एकदा विचारले आणि याने पोतडी रिकामी केली. रात्रभर मला तेच डाचत राहिले. आणि तसे डाचत असतानाच मनात शंकेची पाल चुकचुकली. कोणाला दुसऱ्यांदा बोलावले आणि कोणाला नाही, हे मी मनात मांडून पाहिले. न बोलणारे सगळे नापास होते. बोलणारे सगळे पुन्हा आत गेले होते. आणि एकालाही नोकरीचे पत्र आलेले नव्हते.

परवा मी छत्री विसरल्याचा बहाणा करून मऊसाहेबांच्या ऑफिसात गेले. दार सताड उघडे होते. दोन माणसे त्या प्लास्टिकवाल्या खुर्च्या लिफ्टमध्ये भरत होती. मी विचारले, “कुठे चालवल्यात?” एक जण म्हणाला, “गोडाऊनला. भाड्याच्या आहेत, मुदत संपली.” मी विचारले, “आणि कंपनी?” तो म्हणाला, “ती आमची नव्हती बाई.” दुसरा हसला. मऊसाहेबांचा फोन तेव्हापासून बंद आहे.

मी घरी आले तेव्हा माझे पती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलीच्या वह्यांना कव्हर घालत होते. सासूबाई बाहेर टीव्ही बघत होत्या. मी पाहिलेले सगळे सांगितले. त्यांनी हातातले कव्हर पूर्ण घातले. कोपरे नीट दुमडले, लेबल चिकटवले, वही बाजूला ठेवली. मग विचारले, “दुसऱ्या फेरीला फक्त बोलणारेच होते?” मी म्हणाले, “हो.” ते म्हणाले, “तो आमच्यासारखंच बोलत होता गं. आमचेच शब्द. मला वाटलं, आपल्यातलाच आहे.”

मी त्यांना म्हणाले, “कोणाला कळणार आहे? ते पळाले. तू गप्प बस. बारा वर्षं बसलासच ना?” हे मी म्हणाले, ते लपवत नाही.

ते म्हणाले, “तेव्हा गप्प बसणं माझं काम होतं. आता गप्प बसलो तर ती चोरी होईल.”

“काय करतील तुला?”

“क्लिअरन्सचं कार्ड काढून घेतील. चौकशी होईल. पुढचं मला माहीत नाही.”

“तुरुंग?”

“माहीत नाही म्हटलं ना.”

मग मी जे विचारले तेही लिहून घ्यावे. मी विचारले, “त्यांना काय सांगितलंस, ते आता मला तरी सांग. दोन परक्यांना माहीत आहे. उद्या तुझ्या साहेबांना कळेल. पोलिसांना कळेल. बायकोनेच काय घोडं मारलंय?” त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना सांगायचे होते. बारा वर्षांत मी तो चेहरा ओळखायला शिकले आहे. मग म्हणाले, “त्यांना सांगितलं ही एक चूक झाली. तुला सांगितलं तर दोन होतील. आणि मग ते तुलाही बसवून विचारतील. तुला माहीत नाही, म्हणून तुला खोटं बोलावं लागणार नाही. एवढं तरी मला करू दे.”

मला फार राग आला. अजून आहे. त्याच रागात मी त्यांना जवळ घेतले. बाहेरून सासूबाईंनी विचारले, काय चाललंय रे, तेव्हा ते म्हणाले, “काही नाही आई, वह्यांना कव्हर घालतोय.”

आमच्या दोघांचे असे ठरले की त्यांनी सगळे त्यांच्या ऑफिसात आपण होऊन सांगायचे आणि त्याच दिवशी मी इथे यायचे, म्हणजे एकाला नंतर दुसऱ्याचे मन वळवायला वाव राहणार नाही. आज सकाळी ते नेहमीच्या वेळेला निघाले. मी डबा दिला. आज त्यांना त्यांच्या टेबलापर्यंत जाऊ देणार नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होते. त्यांनी डबा घेतला.

त्यानंतर मी एजन्सीत जाऊन दुसऱ्या फेरीला गेलेल्या बाकी उमेदवारांना फोन केले आणि मुलाखतीच्या नावाखाली त्यांच्याकडून गुप्त माहिती काढून घेतली असावी, असे सांगितले. गप्पिष्ट तरुण रडला. मेजरना फोन केला तेव्हा त्यांनी मऊसाहेब कसे दिसतात, कसे बसतात, कोणत्या हाताने लिहितात, हे सगळे विचारून घेतले आणि म्हणाले, “तू आता एकही मिनिट घालवू नकोस, ठाण्यात जा.” माझा भोचकपणा तेवढा उपयोगी पडला. मऊसाहेब डावखुरे आहेत, उजव्या कानामागे जुना व्रण आहे, आणि ‘निश्चितच’ हा शब्द ते दर वाक्याला वापरतात. त्या बाईंच्या लॅपटॉपवर निळ्या रंगाचे झाकण होते आणि त्या कायम डाव्या पायाचा बूट काढून बसत.

साहेबांनी विचारले की तुमच्या पतींनी त्या इसमाला नेमकी कोणती माहिती दिली. मला माहीत नाही. अंदाज काय, असे विचारले. मी बारा वर्षे अंदाज बांधते आहे, एकही बरोबर आल्याचे त्यांनी कधी कबूल केलेले नाही. माझे पती नेमके काय काम करतात, असे विचारले. तेही मला माहीत नाही. आज पहिल्यांदाच हे सांगताना मला हसू आले नाही.

जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला आणि मी ऐकला. सही करण्याआधी साहेबांनी मला एकटीला विचारले की तक्रार बाकी उमेदवारांच्या भागावरही उभी राहते, पतींचा भाग गाळायचा असेल तर आत्ता सांगा, कागद बदलता येईल. मी थोडा वेळ मागितला. पाणी प्याले. मग सांगितले की राहू द्या. ते या वेळी त्यांच्या ऑफिसात हेच सांगत असतील, दोन्हीकडचे जुळले पाहिजे. यात लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. यात जे नाही, ते मला कोणी सांगितलेले नाही.

समक्ष, सही.