दुब्रोवित्सचा पत्र्याचा सरदार

...आणि वर घोडासुद्धा माझ्याच बोकांडी! तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं दर उत्सवात सरदार डुबोल्ड मीच व्हायचो. कोण डुबोल्ड? अहो, ज्यानं आमचं दुब्रोवित्स वसवलं, ज्याच्यावरून गावाला नाव पडलं, तो! नगराध्यक्ष म्हणायचे, "लोठार, तुझ्यासारखा सरदार होणे नाही!" कसा होईल? ते पत्र्याचं चिलखत दुसऱ्या कुणाच्या अंगातच जात नव्हतं.

त्याचे पट्टे पाठीवर. ते आवळायची आमची आई, हांका. वय शहाऐंशी, जात्याच सोर्ब. म्हणजे आम्ही जर्मन इथं यायच्या आधीपासून इथलेच असलेले जे स्लाव लोक, त्यांतली. दरवर्षी पट्टा ओढताना पुटपुटायची, "कसला डुबोल्ड रे? आमच्या भाषेत दुब म्हणजे ओक. ओकांचं गाव, एवढंच!" आणि मी? लाज वाटते सांगायला... मी म्हणायचो, "आई, हळू! बाहेर लोक आहेत. त्यांच्यासमोर तुझी भाषा नको." तीस वर्षांपूर्वी तिला तसं वचनच द्यायला लावलं होतं मी!

यंदा गावाला सातशे वर्षं झाली. उत्सवात भाषणाला लाइपझिगहून प्राध्यापकबाई आल्या, चष्मा सावरत म्हणाल्या, "या नावाचा कुठल्याही सरदाराशी संबंध नाही. हे स्लाव नाव आहे. ओकांचं गाव." सगळा चौक वळून माझ्याकडे बघतोय! पळावं, तर खाली घोडा. मान खाली घालावी, तर वाकता येत नाही. अंगावर चिलखत, मी काय करणार!

इतक्यात बाई विचारतात, "ही भाषा जाणणारं गावात कुणी आहे का?"

पहिल्या रांगेत आई. ती माझ्याकडे बघतेय. नुसतं बघतेय! एक शब्द हवा होता हो माझा... "ही माझी आई," एवढाच. आणि मी काय केलं? शिरस्त्राणाची झडप खाली ओढली. खट्! हात मांडीवर ठेवून आई गप्प बसली. दिलेलं वचन पाळलं तिनं. बाई हळहळल्या, "अरेरे, कुणीच उरलं नाही." आणि आत माझा घाम, माझे अश्रू, सगळं एकच. पुसणार कसं? अंगावर चिलखत, मी काय करणार!

घरी आलो. माझे हात पाठीपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा पुन्हा तीच. एकेक पट्टा सोडला, पत्रा खण्णकन खाली पडला. म्हणाली, "बोल आता."

तिच्याच भाषेत माफी मागायची होती मला. शोधतोय, शोधतोय... अहो, सगळ्या भाषेतलं लहानपणचं एकच वाक्य उरलं होतं माझ्यापाशी! तेच बोललो: "आई, भूक लागलीय."

तिनं पट्टे गुंडाळून ठेवले. मग जर्मनमध्ये म्हणाली, "बटाटे गार झालेत. वर घालायला जवसाचं तेल फडताळात आहे. आपलं आपण घे."

घेतलं. अंगावर आता चिलखतही नव्हतं ना!