सासरे, गोरिला आणि माझी शिंक

...हसू नका हो! आधी ऐका, मग हसा... नाही, मगसुद्धा हसू नका. लाज वाटते हो सांगायला!

तुम्हाला सांगतो, ब्विंडीचं गोरिलांचं जंगल संपतं आणि माझी केळीची बाग सुरू होते. मी गावभर मिरवायचो, ‘गोरिला? अहो, शेजारी आपले!’ आणि एका सकाळी बागेत कडाडकन आवाज झाला, तेव्हा हा बारिग्ये, म्हणजे अस्मादिक, काय म्हणाला? ‘ओरिशाबा, बघ गं जरा, काय आहे ते!’ बायकोला पुढं धाडलं! स्वतः दाराआड! निघाली शेजाऱ्याची गाय. ओरिशाबानं गाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बोचकं बांधलं आणि चालती झाली माहेरी.

आता आमच्याकडची रीत म्हणजे, रुसलेल्या बायकोला आणायला ज्वारीच्या दारूचं मडकं घेऊन जायचं, आणि सासरे हाक मारेपर्यंत अंगणात उभं राहायचं. मी उभा. वरून पाऊस. सासरे तिबामान्या आत खुशाल मका भाजतायत, वास येतोय मला... शेवटी आले बाहेर. ‘जावईबापू, पोरगी म्हणते तुम्ही भित्रे. तुम्ही म्हणता गोरिला शेजारी. मग चला, मला दाखवा ते शेजारी! तिथं पाय नाही लटपटले, तर पोरगी तुमची!’

झालं! लागलो तयारीला. मुंग्या चढतात म्हणून विजार मोज्यात खोचायची, खाजकुइलीसाठी हातमोजे, चिखलासाठी काठी... आणि वर माझा तोरा बघा, ‘बाबा, मोठा नर अंगावर आलाच, तर तुम्ही माझ्या मागं राहा हं!’ लाज वाटते हो सांगायला!

निघायच्या सकाळी वनरक्षक बाई गोरिला बघायला आलेल्या सगळ्यांना उभं करून दटावतात, ‘सर्दी-खोकला असेल त्यानं आत्ताच घरी जायचं. आपली सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतते!’ आणि अंगणातला तो पाऊस माझ्या नाकात नेमका तेव्हाच... आऽऽक्छी!

‘कोण शिंकलं?’

आता माणसानं काय करावं? मान खाली घालावी, घरी जावं. पण माझं बोट, देवाशपथ, आपलं आपण उठलं आणि थेट सासऱ्यांकडे! म्हातारा माझ्या बोटाकडे नुसता बघत राहिला. बाई त्यांना बाजूला काढणार, तेवढ्यात मला दुसरी आली. आऽऽक्छी! ‘तुम्ही! घरी!’ सासरे गेले गोऱ्या पाहुण्यांबरोबर डोंगरावर, आणि मी नाक पुसत घराकडे. वाटलं, संपला संसार.

बागेत शिरतो तर काय! गोरिलांचं अख्खं खानदान केळीचे खांब सोलून खातंय! मोठा नर, पाठ चांदीसारखी चमकतेय, सावकाश वळला, माझ्याकडे पाहिलं... मी कुठं गेलो म्हणता? संडासात! आतून कडी! एका हातानं दार दाबलेलं, दुसऱ्या हातानं नाक दाबलेलं, निदान त्या बिचाऱ्यांना सर्दी तरी लागू नये!

इतक्यात बाहेर कुजबुज. वनरक्षक बाई म्हणतायत, ‘हळू... माग इथंच आलाय.’ फटीतून बघतो, तोंडाला फडकी बांधलेले पाहुणे, कॅमेरे, आणि सगळ्यात पुढे सासरे! काठीवर हात ठेवून, निवांत! म्हटलं, देवा, आता तरी नको... आऽऽक्छी!

सगळी वळली. पाहुणे वळले, नर वळला, त्याची पोरंबाळंसुद्धा वळली! सासऱ्यांनी संडासाच्या दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, ‘जावईबापू, शेजारी आलेत. बाहेर येऊन ओळख तरी करून द्या!’

लाज वाटते हो... धरणी दुभंगली असती तरी कडी काढायची माझी हिंमत नव्हती!

आणि तिसऱ्या प्रहरी, सगळे निघून गेल्यावर, संडासाच्या दाराबाहेर कोण? ओरिशाबा! बोचक्यासकट! मी विचारलं, ‘बाबांनी पाठवलं? माझ्याकडे?... असं सगळं बघूनसुद्धा?’

‘बघूनच पाठवलं,’ ती म्हणाली. ‘म्हणाले, पोरी, नवरा भित्रा आहे, खोटारडाही आहे. पण तू नाही गेलीस, तर तो संडासातच संसार थाटेल.’

कडी काढली, आणि आलो बाहेर.