फरशीवरची टकटक

— रागावू नकोस बाळ, जनावरांची डॉक्टर आहेस तू, पण आधी ऐकून तर घे. मला कळत नाही असं थोडंच आहे? कुत्र्याची नखं वेळेवर कापली नाहीत की वळून पंजाच्या गादीत रुततात, मग ते लंगडतं — सगळं ठाऊक आहे मला. आमचे हेच कापायचे ना. रविवारी सकाळी पेपर पसरून आधी गुंड्याची, मग त्याच पेपरवर स्वतःची. मी म्हणायचे, आता मी तेवढी राहिलेय — तर हसायचे नुसते.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. मागच्या खोलीत पडून असतात, मान वळत नाही, डोळे छताला. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. आता माझी टकळी कधी थांबलीय का? पण हे ढिम्म. आणि हा मेला गुंड्या नुसता पॅसेजमधून आला — फरशीवर टक टक टक — की यांचा डावा हात सरकायला लागतो. हळूहळू, कॉटच्या कडेवरून खाली. बोटं लोंबत राहतात, हा येऊन चाटेपर्यंत. इतकी वर्षं संसार केला मी, पण माझ्या पावलांना कधी एक बोट हललं नाही. वाईट वाटतं का? वाटतं की. पण हात हलतो ना — कुणासाठी का हलेना.

म्हणून नाही कापली. विसरले नव्हते गं, मुद्दामच वाढू दिली. जितकी वाढली तितकी लांबून ऐकू यायची त्यांना. लेक म्हणाली, आई, गळ्यात घुंगरू बांध. बांधलं, पण हात नाही हलला. आणि परवापासून हा पाय टेकवत नाही, कोपऱ्यात पडून पंजा चाटत बसतो — तिकडे ते वाट बघताहेत. मी कुणाकडे बघू, तूच सांग.

एकाच पायाची ठेवतेस का जरा लांब? — नाही ना. वाटलंच मला. काप मग, मी धरते त्याला. बघ कसा मुकाट उभा राहिलाय. रुतलेलं तेवढं हळू काढ गं — झालं? सगळी? उतरव खाली. गुंड्या, दारापर्यंत जाऊन ये बघू.

चारही पाय टेकतोय की. चांगलं केलंस, बाळ.

पंखा जरा बंद कर ना, नीट ऐकू येत नाहीय. — बंदच आहे?