मागच्या चाकाची हवा

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत नर्सबाई टायरच्या दुकानातल्या बाकावर बसून होत्या. समोर साठीचं एक जोडपं मोटरसायकलला टायर निवडत होतं, आणि कान काही मिटून घेता येत नाहीत.

“अगं, टायर आहे तो. भाजीसारखा दाबून काय बघतेस?”

“दाबल्याशिवाय कळतं का? गेल्या खेपेला तुम्ही नुसता बघून घेतलात, आणि लेकीच्या घराच्या अलीकडे खडीवर मला लोळवलंत.”

“म्हणून तर नवीन घेतोय.”

“घ्या खुशाल. मी काही आता मागे बसायची नाही. लेकीकडे मी बसनं जाईन.”

टायरवाला मध्ये पडला. “काकू, हा बघा. याच्या खाचा खडीला धरून राहतात, आणि डांबरावर थोडा गुरगुरतो, एवढंच.”

“गुरगुरू दे. घरात सवय आहे मला.”

“बसव रे बाबा तोच.”

टायर चढला. टायरवाल्याने हवेची नळी हातात घेतली.

“काका, मागे हवा एकट्याची भरू की दोघांची?”

“ऐकलंस ना, आमच्या बाईसाहेब बसनं जाणार आहेत. एकट्याची भर.”

“थांबा हो जरा. एकट्याची भरली आणि मागे कोणी बसलं तर?”

“चाक दबेल, काकू. खडीवर गाडी डुलेल.”

“मग दोघांचीच भरा. यांना वाटेत कोणी ना कोणी भेटतंच.”

“त्या वाटेवर मला कोण भेटणार आहे?”

“आपल्या घराच्या फाटकाशीच भेटेल. हळू चालवा, म्हणजे दिसेल.”