फायनल जिंकली आणि माणूस उठेना

माझं माहेर धसईकडचं, भातशेती, आमी सगळ्या बहिणीच, आणि मला दिली इकडं डोळखांबच्या पाड्यावर, कबड्डी खेळणाऱ्या माणसाला. काय सांगू तुमाला ताई, हे चढाईला निघाले ना की बाया तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावायच्या. मी पण धावायची, नवी नवरी, पदर सुटायचा, सासू बोलायची, गो, लाज धर जरा, आणि स्वतः माझ्या आधी पुढं!

तर त्या वर्षी लाकडं उतरवताना ह्यांचा खांदा निखळला. शहापूरला डॉक्टरांनी बसवला, दुखण्यावर जोरदार कॅप्सूल दिल्या आणि माझ्यासमोर बोलले, ह्याच्यावर दारू घ्यायची नाय, थेंबभर पण नाय. हे बोलले, हो डॉक्टर. हो बोलायला काय जातंय!

आणि नेमकी तवाच फायनल आली, मुरबाडकडच्या संघाबरोबर. ह्यांना कोण थांबवणार? एकाच्या जागी दोन कॅप्सूल गिळल्या, खांदा फडक्यानं आवळला आणि उतरले. अहो, काय सामना! शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत, तिघांनी ह्यांना धरलं, कंबर धरली, पाय धरला, आणि हे तसेच सरपटत गेले नि मधल्या रेषेला बोट लावलं, बोट! मैदान नुसतं उसळलं. पोरांनी उचलून घेतलं, गुलाल उधळला, कोणीतरी मोहाची बाटली तोंडाला लावली, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं.

मी भाकरी घेऊन गेले तर हे आंब्याखाली झोपलेले, ऊन अजून उतरलं पण नव्हतं. ह्यांचा दोस्त बाळू बोलला, वहिनी, दमलाय तो, झोपू द्या. पण मला ते घोरणं बरं वाटंना. घोरायचे, मग थांबायचे, मग कितीतरी वेळानं परत एकदा. हलवलं, चिमटे काढले, पाणी मारलं, डोळा उघडंना. ओठ बघितले तर जांभळे! मी अशी ओरडले, अशी ओरडले, की ताशेवाले पण थांबले. बाळूनं जीप आणली. मी ह्यांना कुशीवर निजवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि रस्ताभर गालावर मारत होते, उठा, ओ, श्वास घ्या, श्वास घ्या ना!

दवाखान्यात पोरं बोलली, जरा जास्त झाली हो. मी बोलले, नुसती दारू नाय डॉक्टर, दुखण्याच्या कॅप्सूल पण खाल्ल्यात, दोन. तसे डॉक्टर धावलेच. तोंडावर फुगा लावून हवा भरली, शिरेत इंजेक्शन दिलं. मग बोलले, बाई, ती गोळी पण श्वास मंद करते आणि दारू पण, दोन्ही एकत्र पोटात गेली की माणूस झोपेतच जातो. तुमी झोपू दिलं असतं तर संपलं होतं. मी ऐकतेय तोवर ह्यांनी डोळे उघडले, आणि पहिलं काय बोलावं? गुण आपल्यालाच दिला ना? मी हसले पण नि रडले पण, सगळा दवाखाना बघत होता.

आता हे शिट्टी घेऊन पंच म्हणून उभे राहतात. दारू पार सुटली असं खोटं नाय सांगत, सणाला घेतात, पण गोळी चालू असली तर हात लावत नाय. परवा हळदीत एकाची दाढ दुखत होती, तो गोळी खाऊन वर पेला उचलायला गेला, तर ह्यांनी हिसकावून मातीत ओतला. भांडण झालं, शिव्या झाल्या. होऊ देत. तुमाला पण सांगते ताई, तुमच्या घरचा माणूस हरून येऊ दे, पण आपल्या पायानं चालत येऊ दे.